पानावरचा स्ट्यू आणि पातेल्यातला स्ट्यू

जुन्या पुस्तकांचा संग्रह करणारे पुष्कळ असतात. परंतु पाकपुस्तकांच्या वाटेला त्यांतले फार थोडे जातात. काव्यसंग्रहाची पहिली आवृत्ती जपली जाते, प्रवासवर्णनाला नवे पुठ्ठे बांधले जातात. पाकपुस्तकाला मात्र हळदीचे डाग पडले आणि त्याची शिवण उसवली की ते रद्दीत जाते. साहित्याच्या इतिहासात त्याला प्रकरण नसते आणि समीक्षकाने त्याची दखल घ्यावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. आम्हांस हा अन्याय वाटतो. पाकपुस्तक हा असा ग्रंथप्रकार आहे की, त्यातील विधानांचा खरेखोटेपणा वाचकाला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येतो. चांदण्याचे वर्णन करणाऱ्या कवीला आपण पुरावा मागत नाही. पण ‘दोन तास मंद आचेवर ठेवा’ असे सांगणाऱ्या लेखिकेला दोन तासांनी झाकण उघडून जाब विचारता येतो. टीकेची अशी सोय अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात नाही.

गेली काही वर्षे आम्ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तके, बहुतेक पुनर्मुद्रणांच्या रूपात, जमवीत आहोत आणि त्यांतील स्ट्यूच्या कृती करून पाहत आहोत. स्ट्यूच निवडण्यामागे कारण आहे. आपल्या रश्श्याला वाटणाचा आधार असतो. खोबरे, कांदा, मिरची आणि गरम मसाला यांच्या बळावर मापातील चूकही पोटात घातली जाते. स्ट्यूला असा आधार नाही. मांस, कंद, पाणी, मीठ, मिरी, घट्ट झाकण आणि मंद विस्तव, एवढेच त्याचे भांडवल. त्यामुळे लेखिकेने खरोखर हा पदार्थ शिजवला होता की दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवून घेतला होता, हे स्ट्यूच्या पातेल्यात जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच अन्यत्र कळत असेल. आयरिश स्ट्यू हा त्यांतला सर्वांत साधा पदार्थ, आणि या लेखात प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

प्रथम एलायझा ॲक्टन. १७९९ साली ससेक्स परगण्यात जन्मलेल्या या बाईंची मूळ ओढ कवितेकडे होती. १८२६ साली त्यांचा कवितासंग्रहही प्रसिद्ध झाला होता. पुढे कविता घेऊन त्या प्रकाशकाकडे गेल्या असता, ‘कविता नको, पाकपुस्तक आणा’ असे त्यांना सांगण्यात आले, अशी एक कथा आहे. ती खरी असो वा नसो, ‘मॉडर्न कुकरी फॉर प्रायव्हेट फॅमिलीज’ हे त्यांचे पुस्तक १८४५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने पाकपुस्तकाची घडणच बदलली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत कृती ही जाणत्याने जाणत्यास केलेली सूचना असे; ‘पुरेसे’, ‘थोडेसे’, ‘शिजेपर्यंत’ हे शब्द चालून जात. ॲक्टनबाईंनी कृतीच्या अखेरीस प्रत्येक जिन्नसाचे वजन आणि शिजण्याचा वेळ एका ओळीत गोळा करून दिला. आज ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, ती कोणाला तरी सुचावी लागली हेच आपण विसरलो आहोत.

त्यांचा आयरिश स्ट्यू असा : दोन पौंड मटणाचे जाड तुकडे, सोलल्यानंतर वजन केलेले चार पौंड बटाटे, अर्धा औंस मिरी, एक औंस मीठ, पाऊण पाइंट पाणी, वेळ दोन तास. जाड बुडाच्या भांड्यात बटाट्याच्या जाड चकत्यांचा एक थर, त्यावर मिरी लावलेल्या मटणाचा थर, असे थर रचत जायचे. वर मात्र बटाट्याचा भरपूर थर राखून ठेवायचा. मीठ उकळी येऊ लागल्यावर घालायचे. कांदा ऐच्छिक, आवडत असल्यास बारीक चिरून बटाट्यांवर पसरायचा.

आपल्या मापात हे सुमारे नऊशे ग्रॅम मटण, एक किलो आठशे ग्रॅम बटाटे आणि सव्वाचारशे मिलिलिटर पाणी होते. पाणी पाहून प्रथमदर्शनी शंका येते, कारण एवढ्या जिनसांत दीड पेला पाणी दिसतही नाही. परंतु आच अगदी मंद ठेवली आणि झाकण उघडले नाही तर ते पुरते. मटणाचा आणि बटाट्याचा स्वतःचा ओलावा आतल्या आत फिरत राहतो. येथे ‘जाड’ या विशेषणाचे महत्त्व कळते. पातळ ॲल्युमिनियमच्या टोपात हाच स्ट्यू तळाशी लागेल. ॲक्टनबाईंनी भांड्याचे वर्णन शोभेसाठी केलेले नाही. पाण्याचे माप त्या भांड्यावर अवलंबून आहे. मीठ तर इतके नेमके की, जेवताना मिठाच्या भांड्याकडे कोणाचा हात गेला नाही. अर्धा औंस मिरी म्हणजे चौदा ग्रॅम. इंग्रजांचे जेवण मिळमिळीत असते असे मानणाऱ्यांनी हा स्ट्यू एकदा अवश्य खाऊन पाहावा.

कृतीनंतर त्यांनी एक टीप जोडली आहे. खऱ्या आयरिश स्ट्यूमध्ये बटाटे शिजून पार मऊ लगदा झाले पाहिजेत. त्यासाठी पूर्ण मापाला आणखी पाव तास लागू शकेल, निम्म्या मापाला मात्र दोन तास पुरेत. आमच्या दृष्टीने ॲक्टनबाईंची सारी योग्यता या टिपेत आहे. ज्या बाईने तेच पातेले एकदा पूर्ण व एकदा निम्मे भरून पाहिले आहे, तीच असे लिहू शकते. आम्ही सव्वादोन तास ठेवले. तळचे बटाटे विरघळून त्यांचाच दाट रस झाला, वरचे आकार धरून राहिले, आणि त्या दोहोंच्या मधे मटण हाडापासून सुटून आले. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचे. तेथे ते पूर्ण वाढलेल्या मेंढीचे, चरबीने भरलेले. बोकडाचे मटण घेणाऱ्याने चरबीचे तुकडे मागून घ्यावेत, नाहीतर रसाला अंग येत नाही.

आता इझाबेला बीटन. त्यांचे ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ १८६१ साली पुस्तकरूपाने निघाले. पहिल्या वर्षातच त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. मिसेस बीटन म्हटले की आजही डोळ्यांसमोर एखादी प्रौढ, अनुभवी गृहिणी येते. प्रत्यक्षात हे काम हाती घेतले तेव्हा त्या एकवीस-बावीस वर्षांच्या होत्या, आणि १८६५ साली बाळंतपणानंतर तापाने त्यांचा अंत झाला तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. पतीच्या मासिकासाठी त्यांनी वाचकांकडून कृती मागवल्या, आणि प्रस्तावनेत पत्रलेखकांचे ऋण मान्यही केले. परंतु आधीच्या लेखकांच्या पुस्तकांतून ज्या असंख्य कृती उचलल्या गेल्या त्यांच्याविषयी तसे म्हणता येत नाही. कॅथरिन ह्यूज यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ही उसनवारी तपशिलाने दाखवली आहे. आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांत ॲक्टनबाई अग्रभागी आहेत.

बीटनबाईंचा आयरिश स्ट्यू तीन पौंड मटण, पाच पौंड बटाटे, पाच मोठे कांदे आणि एक पाइंटाहून थोडे अधिक पाणी यांचा आहे. वेळ अडीच तास. खर्च दोन शिलिंग आठ पेन्स. पाच-सहा माणसांना पुरेसा. हिवाळ्यात विशेष योग्य. थरांची रचना तीच, वर भाजी भरपूर ठेवण्याची सूचनाही तीच. मीठ-मिरी मात्र ‘चवीप्रमाणे’. ॲक्टनबाईंनी तराजूत तोलून दिलेल्या दोन जिनसा येथे पुन्हा वाचकाच्या अंदाजावर सोडल्या आहेत.

मग बीटनबाईंचे काहीच श्रेय नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जिन्नसांची यादी कृतीच्या शेवटून उचलून त्यांनी ती आरंभी आणली. सामानाची जमवाजमव आधी आणि शिजवणे नंतर, हा स्वयंपाकघराचा क्रम पुस्तकात आला तो त्यांच्यामुळे. खर्च, माणसांची संख्या आणि ऋतू यांची नोंद प्रत्येक कृतीखाली देऊन त्यांनी तुटपुंज्या मिळकतीत नवा संसार मांडणाऱ्या मुलीला मोठा आधार दिला. आणि चवीचा निवाडा करायचा तर कौल बीटनबाईंच्या बाजूने पडतो, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. जाड चिरलेल्या पाच कांद्यांचा गोडवा अडीच तासांत सर्व रसात उतरतो. त्याची बरोबरी ॲक्टनबाईंच्या ऐच्छिक कांद्याला करता येत नाही. उलट, मोठी गाजरे पावणेदोन ते सव्वादोन तास उकडण्याचा त्यांचा सल्ला पाळला तर गाजराचे गाजरपणच उरत नाही. पदार्थ रुचकर होणे आणि लेखन प्रामाणिक असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. टीकाकाराने त्यांची गल्लत करू नये.

ही चोरी ॲक्टनबाईंना नवी नव्हती. आपल्या पुस्तकाचे मोठमोठे भाग समकालीन लेखक कसलाही उल्लेख न करता वापरतात, अशी तक्रार त्यांनी १८५५ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेतच केली होती. स्वतः शोधलेल्या कृतींवर त्या तशी खूण करीत. त्यांच्या विनोदालाही या दुखऱ्या जागेची जाण आहे. त्यांच्या पुस्तकात ‘प्रकाशकाचे पुडिंग’ आहे, ते जितके श्रीमंत करावे तितके थोडेच. आणि ‘गरीब लेखकाचे पुडिंग’ही आहे, ते पाव आणि दुधाचे. १८५९ साली ॲक्टनबाई निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी बीटनबाईंचे पुस्तक आले आणि मूळ लेखिकेचे नाव हळूहळू मागे पडले. पुढे बीटनबाईंच्या वाट्यालाही विचित्र न्याय आला. त्यांच्या पतीची पेढी बुडाल्यावर पुस्तकाचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशके, त्यांनी कधी न पाहिलेल्या कृती त्यांच्याच नावावर छापल्या जात राहिल्या. एकीचे काम नावावाचून विकले गेले, दुसरीचे नाव कामावाचून विकले गेले.

येथवर प्रश्न दोन लेखिकांचा होता. परंतु या पदार्थाच्या नावात एक तिसरा पक्ष आहे, आणि त्याच्याकडे दोन्ही पुस्तके पाठ फिरवून उभी आहेत. हा स्ट्यू ‘आयरिश’ आहे. मग आयरिश माणूस कुठे आहे?

ॲक्टनबाईंचे पुस्तक १८४५ च्या आरंभी छापले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर करपा रोग उतरला. आयर्लंडमधील गरीब शेतमजूर, आणि ते बहुसंख्येने आपल्याच कॅथॉलिक श्रद्धेचे, बटाट्यावरच जगत होते. कष्टकरी पुरुष दिवसाला बारा-चौदा पौंड बटाटे खाई. जोडीला मिळाले तर ताक. मांस त्याच्या ताटात सणासुदीलाच. म्हणजे दोन पौंड मटणाचा हा स्ट्यू ज्यांच्या नावावर लंडनच्या घरांत शिजत होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो रोजच्या जेवणात कधीच मिळत नव्हता. आणि १८४५ नंतर त्यातला बटाटाही राहिला नाही. १८५२ पर्यंतच्या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दुष्काळासाठी आरंभी ज्या वर्गण्या जमल्या त्यांतील एक मोठी वर्गणी आपल्या कलकत्त्यात जमली होती, आणि तीत आयरिश शिपायांचा वाटा होता, हेही आपण लक्षात ठेवावे.

या दुष्काळाचे पाकपुस्तक आहे, आणि ते आमच्या संग्रहातील सर्वांत अस्वस्थ करणारे पुस्तक आहे. अलेक्सिस सॉयर हे लंडनच्या रिफॉर्म क्लबचे नामांकित फ्रेंच आचारी. सरकारच्या विनंतीवरून ते डब्लिनला गेले आणि ५ एप्रिल १८४७ रोजी त्यांनी तेथे आपले आदर्श अन्नछत्र उघडले. शंभर-शंभर माणसे घंटेच्या ठोक्यावर आत घ्यायची. वाडग्यांशी साखळीने बांधलेले चमचे. सहा मिनिटांत जेवण आटोपून ती तुकडी बाहेर जायची. उद्घाटनाच्या दिवशी प्रतिष्ठित मंडळींनी पाच-पाच शिलिंग मोजून हा देखावा पाहिला. त्याच वर्षी निघालेल्या ‘चॅरिटेबल कुकरी’ या पुस्तकात सॉयर यांनी आपले सूप दिले आहे. दोन गॅलन पाण्याला पाव पौंड गोमांस, दोन औंस चरबी, पाव पौंड कांदे, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड बार्ली, तीन औंस मीठ आणि अर्धा औंस साखर.

हे सूप आम्ही करून पाहिले. ते वाईट लागत नाही. सॉयर कुशल होते. कांदा चरबीत परतून घेतल्याने वास तर जेवणाचाच येतो. पण हिशेब मांडला की तोंडातला घास फिरतो. नऊ लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅमही मांस नाही. सर्व जिन्नस मिळून एका मोठ्या वाडग्यामागे, म्हणजे दोन पाइंटांमागे, सुमारे तीनशे उष्मांक पडतात. चौदा पौंड बटाटे पचवणाऱ्या देहाला हे अन्न म्हणजे अन्नाची आठवण होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानेही त्या काळीच या सुपावर टीका केली होती. सॉयर यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी पदरचे पैसे घातले, आणि पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिकांसाठी तयार केलेली त्यांची शेगडी ब्रिटिश लष्करात शंभराहून अधिक वर्षे चालली. त्याच १८४७ च्या जुलैत आयर्लंडभरच्या अन्नछत्रांतून रोज सुमारे तीस लाख माणसे जेवत होती. तो आधार पुढे सरकारने काढून घेतला, तो दोष आचाऱ्याचा नव्हे. तरीही पाककृती म्हणून पाहता, या कृतीत खाणाऱ्याच्या भुकेपेक्षा देणाऱ्याच्या काटकसरीला अधिक मान आहे.

याच्याशेजारी बीटनबाईंच्या पुस्तकातील धर्मादाय सुपाची कृती ठेवून पाहावी. १८५८ च्या हिवाळ्यात आपल्या घराजवळील गावातील डझनभर कुटुंबांसाठी हे सूप आपण दर आठवड्याला स्वतः केले, अशी नोंद त्यांनी खाली दिली आहे. उसनवारीने भरलेल्या त्या प्रचंड ग्रंथात हीच एक कृती अशी आहे की, जिच्यामागे लेखिकेचे स्वतःचे हात निश्चित दिसतात. दहा गॅलन पाण्याला चार पौंड गोमांसाचे तुकडे, शिवाय बैलाच्या गालफडाचे मांस, हाडे, चार पौंड तांदूळ किंवा बार्ली, कांदे, सेलरी, गाजर, सलगम. वेळ साडेसहा तास. सॉयर यांच्या प्रमाणाने दहा गॅलनला केवळ सव्वा पौंड मांस पडले असते. धान्यात सॉयर किंचित पुढे आहेत. पण मांसात बीटनबाईंनी तिपटीहून अधिक घातले आहे. आम्ही हे सूप दशांश मापात केले. ते दाट, पोट भरणारे आणि शेजाऱ्याला डबा भरून द्यावा असे होते.

मात्र त्याच नोंदीत बीटनबाई म्हणतात की, या गरीब कुटुंबांना स्वयंपाकाचे ज्ञान थोडे अधिक असते तर त्यांना याहून कमी खर्चात रोज गरम अन्न मिळू शकले असते. येथे त्या वाट चुकल्या आहेत. साडेसहा तासांचा विस्तव कोणाच्या सरपणावर चालणार? ज्यांच्याकडे कोळसा नाही, दहा गॅलनचा हंडा नाही आणि दिवसभर चुलीपाशी बसण्याची सवड नाही, त्यांना पाककौशल्याची उणीव दाखवणे सोपे आहे. सरपणाची किंमत या तिन्ही पुस्तकांतील एकाही स्ट्यूच्या जिन्नसयादीत नाही. कुकरच्या तीन शिट्यांत मटण शिजवणाऱ्या आपल्या पिढीला ही उणीव वाचताना जाणवत नाही. गॅस मंद ठेवून साडेसहा तास बसले की मग जाणवते.

आता या साऱ्याचा निष्कर्ष. आमच्या मते ॲक्टनबाईंचे पुस्तक हे तिन्हींत श्रेष्ठ, कारण त्यातील प्रत्येक वाक्य पातेल्यातून बाहेर आलेले आहे आणि लेखिकेने न पाहिलेले काही सांगितलेले नाही. बीटनबाईंचे पुस्तक उपयुक्त, परंतु ऋण बुडवणारे. अपवाद त्या एका सुपाचा. सॉयर यांचे पुस्तक सद्हेतूचे, पण कोणासाठी शिजवायचे हे विसरलेले. आणि आयरिश स्ट्यू ज्यांनी प्रथम शिजवला त्या आयरिश बायकांचे तर पुस्तकच नाही. त्यांचा पदार्थ टिकला, नाव केवळ देशाचे उरले.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी म्हणू नये. मराठीत १८७५ सालीच रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले होते, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन मराठी सुनांची तीच अडचण दूर केली, जी ॲक्टनबाईंनी इंग्लंडमध्ये केली होती. परंतु आपल्या धर्मग्रामांतील घरांत शिजणारे बरेचसे अन्न या पुस्तकांत आलेले नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला घ्या. प्रत्येक कुटुंबाचे त्याचे प्रमाण वेगळे, आणि ते ठाऊक असणाऱ्या बाईचे नाव बहुधा कोठेच लिहिलेले नाही. नाताळचे पदार्थ, लग्नघरातले मटण, उपवासकाळातील बिनमांसाचे कालवण, ही सारी विद्या ‘अंदाजाने’ या एका शब्दात साठवलेली आहे. आणि तो अंदाज ज्या हातांत होता ते हात वर्षागणिक कमी होत आहेत.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे एवढेच की, घरात वहाणेच्या खोक्यात पडलेली पाककृतींची वही असेल तर ती रद्दीत देऊ नये. नसेल तर जाणत्या बाईच्या शेजारी एक दिवस तराजू आणि घड्याळ घेऊन बसावे. ती मूठभर म्हणेल तेव्हा मूठ तोलून घ्यावी. ‘शिजेपर्यंत’ म्हणेल तेव्हा मिनिटे मोजावीत. भांडे जाड की पातळ, सरपण होते की गॅस, हेही लिहून ठेवावे. कृती तिने कोणाकडून घेतली तेही तिला विचारावे, आणि ते नाव पानाच्या माथ्यावर घालावे. अशा वहीत शुद्धलेखनाच्या चुका असतील, चित्रे नसतील. तरीही आमच्या कपाटात ॲक्टनबाईंच्या शेजारची जागा आम्ही तिच्यासाठी मोकळी ठेवली आहे.